वैद्यकीय गांजासाठी कायदाबदलाचं निवेदन: मागणीपासून पाठपुराव्यापर्यंत

गांजाबंदीविरुद्ध निवेदन लिहायला बसलेले लोक बहुतेक वेळा पहिल्याच पानावर सगळं मागून मोकळे होतात: रुग्णाला औषध मिळावं, शेतकऱ्याला पीक घेता यावं, कोठडीतल्यांची सुटका व्हावी, झाडाची बदनामी थांबावी. चारही मागण्या रास्त असू शकतात. पण वाचणारा अधिकारी त्यातली सगळ्यांत कच्ची मागणी हेरतो, तिच्यावर शेरा मारतो आणि उरलेल्या तिन्ही त्याच शेऱ्याखाली गाडल्या जातात. म्हणून एका निवेदनात एकच मागणी ठेवा, आणि ती पहिल्या परिच्छेदातच सांगा.

मागणी नेमकी कोणती

‘वैद्यकीय गांजा कायदेशीर करा’ ही मागणी म्हणजे निदान पाच वेगवेगळ्या गोष्टींचं गाठोडं आहे. मान्यता मिळालेलं, कारखान्यात बनलेलं औषध आयात करू द्यावं, ही एक. डॉक्टरांना झाडापासून बनवलेलं तेल किंवा सुकं फूल लिहून देता यावं, ही दुसरी. औषधासाठी लागवडीचा परवाना मिळावा, ही तिसरी. चिठ्ठी असलेल्या रुग्णाजवळ माल सापडला तर गुन्हा होऊ नये, ही चौथी. आणि कुणाहीजवळ स्वतःपुरता थोडासा सापडला तर तो गुन्हा मानू नये, ही पाचवी. ही शेवटची मागणी वैद्यकीय नाहीच, ती बंदीच्या धोरणाबद्दलची आहे. तीही जरूर मांडा, पण वेगळ्या कागदावर. एकाच कागदावर दोन्ही आल्या की आजारी मुलाची आई पुढे करून दुसराच डाव साधला जातोय असा संशय येतो, आणि त्या आईचं काम अडतं.

यातली प्रत्येक मागणी वेगळ्या टेबलावर सुटते. पहिली बहुतेक ठिकाणी औषध नियंत्रकाच्या आदेशाने किंवा सरकारी अधिसूचनेने मार्गी लागते, तिसरीला नवे नियम लागतात, चौथी-पाचवीसाठी कायदेमंडळात दुरुस्ती लागते. जे काम अधिसूचनेने होतं त्यासाठी कायदादुरुस्ती मागितली, की ‘विषय सभागृहाच्या अखत्यारीतला आहे’ एवढं एक वाक्य लिहून फाइल बंद होते.

कायदा स्वतः वाचा

बातम्यांवरून किंवा ऐकीव माहितीवरून निवेदन लिहू नका. मूळ कायद्याची ताजी, सर्व दुरुस्त्यांसह असलेली प्रत घ्या आणि पाच ठिकाणी खुणा करा: व्याख्या, मनाईचं कलम, त्या मनाईला असलेले अपवाद, शिक्षा, आणि नियम करण्याचे अधिकार. बहुतेकांचं लक्ष शिक्षेच्या कलमावर खिळतं. खरी वाट मात्र बऱ्याचदा व्याख्येत आणि अपवादात असते.

भारताचा १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा हे याचं चांगलं उदाहरण. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेलं बी आणि पान त्या व्याख्येबाहेर आहे. कलम ८ मधली मनाईही सरसकट नाही. वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी, कायद्यात आणि नियमांत सांगितलेल्या रीतीने, मुभा ठेवूनच ती लिहिली आहे. कलम १० राज्यांना गांजाच्या लागवडीला परवानगी देण्याचे आणि तिचं नियमन करण्याचे अधिकार देतं. म्हणजे ‘कायद्यात वैद्यकीय वापराला जागाच नाही’ असं लिहिणारा स्वतःच्या हाताने स्वतःची बाजू पाडतो. ‘जागा आहे, नियम अपुरे आहेत’ असं लिहिणाऱ्याला सरकारकडून उत्तर मागता येतं.

‘आंतरराष्ट्रीय करारामुळे हात बांधलेले आहेत’

हे उत्तर हमखास येतं, म्हणून त्याची तयारी आधीच ठेवा. १९६१ च्या अंमली पदार्थविषयक एकल कराराच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे की वेदना आणि पीडा दूर करण्यासाठी या पदार्थांचा वैद्यकीय वापर अपरिहार्य आहे आणि त्यांची उपलब्धता राहील अशी तजवीज केली पाहिजे. कलम ४ नुसार उत्पादन, व्यापार आणि वापर ‘वैद्यकीय व वैज्ञानिक’ कारणांपुरता मर्यादित ठेवायचा आहे. तो बंद करा, असं ते कलम सांगत नाही. कलम २३ आणि २८ तर लागवडीला परवानगी द्यायची असेल तर काय करावं हेच सांगतात: सरकारी यंत्रणा नेमा, तिने परवाने द्यावेत आणि कापणी संपल्यापासून चार महिन्यांच्या आत सगळं पीक ताब्यात घ्यावं. धाग्यासाठी आणि बियांसाठी केलेली लागवड या कराराच्या कक्षेबाहेर आहे.

आणखी एक गोष्ट जोडा. करारात पदार्थांच्या नियंत्रणाच्या कडकपणानुसार याद्या, म्हणजे अनुसूची, केल्या आहेत; त्यातली चौथी सगळ्यांत कडक असते, आणि गांजा तिच्यात हेरॉइनच्या रांगेत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनंतर २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा तिथून काढला. भारताचं मत काढण्याच्या बाजूने पडलं. मात्र पुढचं वाक्यही लिहाच: गांजा पहिल्या अनुसूचीत अजून आहे आणि समितीच्या बाकीच्या शिफारशी आयोगाने स्वीकारल्या नाहीत. हे वाक्य गाळलं तर ते सरकारी वकील वाचून दाखवतो, आणि मग तुमच्या उरलेल्या खऱ्या वाक्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

पुरावा: इथेच निवेदनं तरतात किंवा बुडतात

गांजात कॅनाबिनॉइड नावाची शंभराहून जास्त रसायनं असतात. कामाचे मुख्य दोन: नशा आणणारा टीएचसी आणि नशा न आणणारा सीबीडी. सीबीडीवर झालेली चाचणी दाखवून टीएचसीचं प्रमाण जास्त असलेल्या फुलाची मागणी करणं ही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक आहे. पुराव्याच्या प्रत्येक वाक्यात पदार्थ, मात्रा, आजार, रुग्णांची संख्या, तुलना कशाशी, किती काळ आणि अपाय काय, या सातही गोष्टी आल्या पाहिजेत.

नमुना म्हणून हा परिच्छेद पाहा (ड्रावे सिंड्रोम हा लहानपणी सुरू होणारा अपस्माराचा गंभीर प्रकार, आणि प्लासिबो म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं द्रव्य): “ड्रावे सिंड्रोम असलेल्या १२० मुला-तरुणांवरची, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. शुद्ध सीबीडी, दर किलो वजनाला रोज २० मिलिग्रॅम, १४ आठवडे, प्लासिबोशी तुलना. आकडीच्या झटक्यांची महिन्याची मध्यक संख्या सीबीडी गटात १२.४ वरून ५.९ वर आली. प्लासिबो गटात १४.९ वरून १४.१. झटके निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेले रुग्ण ४३ टक्के, प्लासिबोवर २७ टक्के. जुलाब, उलट्या, थकवा, झोपाळूपणा आणि यकृताच्या तपासण्यांतले बिघाड सीबीडी गटात जास्त.” याला उत्तर देताना अधिकाऱ्याला ‘हे किस्से आहेत’ असं म्हणता येत नाही. प्लासिबोवरच्या २७ टक्क्यांचा आकडा लपवू नका. तो दाखवल्यामुळेच ४३ टक्क्यांना वजन येतं.

अशाच चाचण्यांच्या जोरावर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिडायोलेक्स या सीबीडी औषधाला मान्यता दिली. त्याखालोखाल भक्कम बाजू मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या स्नायूंच्या ताठरपणाची. सॅटिव्हेक्स हा तोंडात मारायचा फवारा आहे. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी. केमोथेरपीच्या उलट्यांसाठी ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन ही तोंडाने घ्यायची औषधं अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहेत.

जुनाट दुखण्याच्या बाबतीत मात्र जपून लिहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१७ च्या अहवालाने प्रौढांच्या जुनाट वेदनेवरचा पुरावा भक्कम मानला; वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये उलट सांगितलं, की वेदनेसाठी या औषधांच्या सर्वसाधारण वापराला पाठिंबा देण्याइतका पुरावा नाही. दोन्ही लिहा आणि मग मागणी बेताची ठेवा: बाकीचे उपचार निष्फळ ठरल्यावर, ठरावीक मुदतीसाठी, नोंद ठेवून. कॅन्सर बरा होतो हा दावा निवेदनात कुठेही येऊ देऊ नका. काचेच्या बशीतल्या पेशींवरचे प्रयोग हा माणसावरच्या उपचाराचा पुरावा होत नाही, आणि या एका ओळीमुळे अख्खं निवेदन भोंदूंच्या पंगतीत जाऊन बसतं. शिवाय अशा दाव्याच्या भरवशावर कुणी चालू उपचार सोडले तर ते जिवावर बेतू शकतं.

राज्याराज्यांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याचा मोह किती महागात पडतो, त्याचं एक उदाहरण चळवळीतल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. २०१४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की अमेरिकेत वैद्यकीय गांजाचा कायदा असलेल्या राज्यांत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामकांच्या, अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचा दर अपेक्षेपेक्षा २४.८ टक्के कमी होता. १९९९ ते २०१० ही त्याची आकडेवारी. जगभरच्या निवेदनांत तो आकडा पहिल्या पानावर झळकला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत २०१७ पर्यंतच्या आकड्यांना लावली, तर चित्र पालटलं: दर २२.७ टक्के जास्त. कायद्यामुळे मृत्यू वाढले असं यातून सिद्ध होत नाही, आणि आधी कमी झाले असंही सिद्ध झालं नव्हतं. अख्ख्या राज्याच्या सरासरीवरून एका रुग्णाबद्दल काही सांगता येत नाही. पहिला आकडा ज्यांनी मिरवला त्यांच्या अंगावर दुसरा उलटला.

अपायांसाठी वेगळा परिच्छेद ठेवा आणि तो स्वतः लिहा, विरोधकांवर सोडू नका. टीएचसीमुळे मनोविकृतीचा धोका वाढतो, विशेषतः घरात तशा आजाराचा इतिहास असेल आणि वापर किशोरवयात सुरू झाला असेल तर. गाडी चालवण्याची क्षमता कमी होते. गरोदरपणातल्या वापराचा संबंध बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. काहींना सवय जडते. सीबीडीमुळे क्लोबाझॅम या आकडीवरच्या औषधाचा परिणाम वाढून गुंगी येते, आणि व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या आकडीवरच्या औषधासोबत घेतल्यास यकृताची विकरं चढण्याची शक्यता वाढते. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक अंतराने रक्ततपासणी हवी. हे लिहिणारा माणूस जबाबदार वाटतो, कारण तो असतोच.

बंदीच्या धोरणावर टीका कशी करावी

‘बंदी अपयशी ठरली’ हे वाक्य घोषणा म्हणून चालतं, निवेदनात त्याला हात-पाय लागतात. तीन मुद्दे कागदावर टिकतात.

पहिला, पुराव्याचा पिंजरा. सरकार म्हणतं पुरावा अपुरा आहे, आणि पुरावा जमवायला लागणारा मालच बंद ठेवतं. अमेरिकेत १९६८ पासून २०२१ पर्यंत संघराज्याची मान्यता असलेल्या संशोधनासाठी गांजा पुरवणारं एकच ठिकाण होतं, मिसिसिपी विद्यापीठ. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अंमली पदार्थविरोधी यंत्रणेच्याच प्रशासकीय न्यायाधीशांनी, फ्रान्सिस यंग यांनी, दीर्घ सुनावणीनंतर गांजा कमी कडक अनुसूचीत हलवावा अशी शिफारस केली. यंत्रणेने ती फेटाळली. आपल्या देशात संशोधनाचा परवाना मिळायला किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि सरासरी किती दिवस लागले, हे माहितीच्या अधिकाराखाली किंवा तशा तरतुदीखाली विचारा. ‘शून्य’ असं लेखी उत्तर आलं तर तोच तुमचा सगळ्यांत जोरकस पुरावा.

दुसरा, बंदीमुळे होणारा वेगळाच अपाय. औषध दुकानात मिळत नाही म्हणून रुग्णाची गरज संपत नाही. तो आंधळेपणाने विकत घेतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा लेबलवरचं प्रमाण फक्त ३१ टक्क्यांत बरोबर निघालं आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडला. झटके येणाऱ्या लहान मुलाच्या पालकाच्या हाती ही बाटली पडते. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे (विजेवर चालणाऱ्या सिगारेटमुळे) फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली, तिचा मुख्य धागा बेकायदा टीएचसी काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटपर्यंत गेला; फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले.

तिसरा, शिक्षेची किंमत. इथे आकडे मागताना शब्द जपून वापरा. गुन्हे, अटक झालेल्या व्यक्ती, आरोपपत्र आणि दोषसिद्धी हे चार वेगळे आकडे आहेत. अर्जात ते चारही वेगवेगळे मागा, आणि प्रत्येकात स्वतःच्या वापरासाठीचे किती व विक्रीचे किती, जप्त मालाचं वजन किती, प्रयोगशाळेचा अहवाल यायला किती दिवस लागले, निकालाआधी कोठडीत किती दिवस गेले, तेही. पाच वर्षांचे मागा. एका वर्षाच्या आकड्यावरून कल सांगता येत नाही.

पर्याय म्हणून पोर्तुगालचं नाव सगळे घेतात, आणि निम्मे चुकीचं घेतात. तिथे जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापरापुरता साठा जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण ते कायदेशीरही झालं नाही. व्यक्तीला समुपदेशन-समितीपुढे जावं लागतं. विक्री गुन्हाच राहिली. ‘पोर्तुगालने ड्रग्ज कायदेशीर केली’ असं लिहिलं की जाणकार वाचक तिथेच थांबतो.

इतिहासाला अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा देऊ नका, पण एक दाखला वापरण्याजोगा आहे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने हिंदुस्थानभर फिरून १,१९३ साक्षीदारांची मतं घेतली आणि निष्कर्ष काढला की संपूर्ण बंदी गरजेचीही नाही आणि हिताचीही नाही. हा निष्कर्ष भारून गेलेल्या कार्यकर्त्यांचा नव्हता, वसाहतीच्या सरकारनेच नेमलेल्या आयोगाचा होता, यात त्याचं मोल आहे.

रुग्णाचं कथन आणि रुग्णाची सुरक्षितता

रुग्णाच्या किंवा पालकाच्या कथनाशिवाय निवेदन कोरडं राहतं, पण इथे होणारी चूक माणसाला कोठडीत नेऊ शकते. ‘मी हे तेल वापरतो’ असं सहीनिशी लिहून देणं म्हणजे बऱ्याच देशांत गुन्ह्याची कबुली. म्हणून कथन आजाराचं घ्या: निदान कधी झालं, कोणती औषधं किती मात्रेत किती महिने घेतली, ती का थांबवावी लागली, आज महिन्याला किती झटके येतात किंवा रात्री किती तास झोप लागते. डॉक्टरांचं पत्र जोडता आलं तर उत्तम. नाव, गाव, रुग्णालय, नेमकी जन्मतारीख गाळा. दुर्मीळ आजार असेल तर वयही ‘दहा वर्षांखालील’ इतकंच ठेवा, कारण आजाराच्या नावावरूनच माणूस ओळखू येतो. संमती लेखी घ्या, आणि छापण्याआधी मजकूर त्यांना वाचून दाखवा. कायदेशीर बाजू वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पान बाहेर जाऊ देऊ नका.

समितीसमोर तोंडी बोलायला तीन मिनिटं मिळाली तर साधारण तीनशे शब्द होतात. पहिले वीस शब्द मागणीला, शेवटचे वीस पुन्हा मागणीला.

मसुद्यातलं कलम तुम्हीच लिहून द्या

तयार कलम हातात असलं की अधिकाऱ्याचं काम हलकं होतं, आणि चर्चा तुमच्या शब्दांवर सुरू होते. त्यात कोणता डॉक्टर लिहून देऊ शकतो, कोणत्या स्वरूपात, घाऊक उत्पादनाची कोणती चाचणी व्हावी (टीएचसी-सीबीडीचं प्रमाण, कीटकनाशकं, जड धातू, बुरशी), चिठ्ठी किती दिवस चालेल आणि जवळ किती साठा ठेवता येईल, हे स्पष्ट हवं. उपचार कधी थांबवायचा हेही लिहा. सॅटिव्हेक्ससाठी ब्रिटनमध्ये चार आठवड्यांच्या प्रयोगात ताठरपणा निदान २० टक्के कमी झाला नाही तर औषध बंद करण्याची पद्धत आहे. असा निकष असलेलं कलम विरोधकांनाही नाकारणं जड जातं.

आजारांची बंद यादी कायद्यात टाकू नका. ती बदलायला पुन्हा सभागृह गाठावं लागतं. यादी नियमांत ठेवा, आणि ‘इतर उपचार निष्फळ ठरलेली गंभीर स्थिती’ असं एक दार उघडं ठेवा.

कायदा झाला तरी औषध मिळेलच असं नाही, हे ब्रिटनने दाखवलं. १ नोव्हेंबर २०१८ पासून तिथे तज्ज्ञ डॉक्टरांना वैद्यकीय गांजा लिहून देता येऊ लागला, पण मार्गदर्शक सूचना अरुंद राहिल्या, सरकारी आरोग्यसेवेतून मान्यता नसलेल्या उत्पादनांच्या चिठ्ठ्या फारच थोड्यांना मिळाल्या आणि बाकीच्यांना पदरमोड करून खासगी दवाखाने गाठावे लागले. जर्मनीने मार्च २०१७ च्या कायद्यातच आरोग्यविम्याची तरतूद घातली. अर्ज फेटाळले जात असले तरी दाद मागायला कायद्याचा आधार होता. म्हणून खर्च कोण उचलणार हे वाक्य मसुद्यात हवंच. डॉक्टरांचं प्रशिक्षण, अर्जाला उत्तर देण्याची मुदत आणि दोन वर्षांनी फेरआढावा, ही तीन वाक्यंही घाला.

देताना आणि दिल्यानंतर

मुख्य मजकूर चार पानांचा, वर एका पानाचा गोषवारा, पुरावे आणि आकडे परिशिष्टात. तीन प्रती: खात्याला, समितीला, स्वतःकडे. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. क्रमांक नसेल तर पुढे निवेदन ‘मिळालंच नाही’ असं ठरतं. तीस दिवसांनी त्या क्रमांकाचा हवाला देऊन फाइल कोणाच्या टेबलावर आहे आणि तिच्यावर कोणता शेरा आहे, हे लेखी विचारा. नकार आला तर कारण वाचा. ‘पुरावा अपुरा’ असेल तर नवं निवेदन संशोधन-परवान्यापुरतं करा. ‘गैरवापराची भीती’ असेल तर मागणी फुलावरून मान्यताप्राप्त औषधावर आणा. ‘अधिकारक्षेत्र नाही’ असेल तर ते पत्रच जोडून योग्य खात्याकडे जा. कारणच दिलेलं नसेल तर ते मागणारं अपील करा, आणि त्या पत्राचाही आवक क्रमांक घ्या.